मीर सुलतान खान : आधी मोहरे की आधी कुंपण?

वऱ्हाडातील शेतकऱ्यापुढे दरवर्षी एक प्रश्न उभा राहतो. पाऊस पडतो, जमिनीला वापसा येतो आणि पेरणीची वेळ होते. नेमके त्याच वेळी धुऱ्यावरचे कुंपण मोडलेले असते आणि रोही व रानडुकरे जवळच वावरत असतात. आधी पेरावे की आधी कुंपण नीट करावे? कुंपणात चार दिवस घालवले तर वापसा निघून जातो. कुंपणाविना पेरले तर उगवलेले पीक घरी येईल याची शाश्वती नसते. या प्रश्नाला कायमचे एक उत्तर नाही. आकाश, जमीन आणि जनावरांचा वावर पाहून त्या त्या वर्षीचे उत्तर शोधावे लागते.

बुद्धिबळाच्या डावाची सुरुवात करणाऱ्या खेळाडूपुढेही हाच प्रश्न असतो. आपले घोडे, उंट आणि हत्ती लवकर बाहेर काढावेत, म्हणजे मोहऱ्यांचा विकास करावा, हा पहिला धडा प्रत्येक मुलाला दिला जातो. प्रतिस्पर्ध्याचा हेतू ओळखून तो आधीच रोखावा, म्हणजे प्रतिबंधक खेळी करावी, हा धडा पुढे केव्हातरी मिळतो. दोन्ही धडे खरे आहेत. अडचण अशी की एका वेळी एकच खेळी करता येते. अमरावतीने स्वप्नील धोपाडे यांच्या रूपाने देशाला ग्रँडमास्टर दिला आहे आणि अमरावती-अकोल्याच्या अनेक शाळांतून आज मुले घड्याळ लावून डाव खेळतात. त्या मुलांनी, त्यांच्या पालकांनी आणि आपल्या माजी विद्यार्थ्यांनी या प्रश्नाच्या निमित्ताने एका भारतीय खेळाडूचे चरित्र जाणून घ्यावे, यासाठी हा लेख आहे. त्या खेळाडूचे नाव मीर सुलतान खान.

सुलतान खान यांचा जन्म विसाव्या शतकाच्या आरंभी अविभाजित पंजाबातील मिठा टिवाणा या गावी झाला. वडिलांनी त्यांना लहानपणीच बुद्धिबळ शिकवले. ते आपले देशी बुद्धिबळ होते. आपल्याकडील जुन्या पिढीतही हा खेळ परिचित होता; आजोबा आणि नातू पटावर समोरासमोर बसले की प्याद्याने पहिल्या खेळीत एक घर चालावे की दोन, यावरून वाद होतो तो याच दोन पद्धतींमुळे. देशी खेळात प्यादे सुरुवातीलाही एकच घर पुढे जाते. राजाला हत्तीच्या आडोशाला नेणारा किल्लेकोट त्यात नाही. त्याऐवजी राजाला शह मिळण्यापूर्वी एकदाच घोड्यासारखी उडी घेण्याची मुभा असते. शेवटच्या घरात पोहोचलेल्या प्याद्याचे काय होणार, तेही ते कोणत्या मोहऱ्याच्या घरात पोहोचले यावर ठरते.

या नियमांचा परिणाम डावाच्या सुरुवातीवर खोलवर होतो. प्यादी एकेक घर सरकत असल्याने दोन्ही सैन्यांची गाठ उशिरा पडते. त्यामुळे खेळाडूला आपली मांडणी निवांतपणे करता येते. दोन खेळी कुंपणासाठी खर्च झाल्या तरी फारसे बिघडत नाही, कारण समोरचाही तितकाच संथ असतो. युरोपीय पद्धतीत मात्र प्यादे पहिल्या उडीतच पटाच्या मध्यावर पोहोचते, दुसऱ्या-तिसऱ्या खेळीपासून झुंज सुरू होते आणि वाया गेलेल्या एका खेळीची किंमत लगेच मोजावी लागते. सुलतान खान यांना एका जगातून दुसऱ्या जगात जायचे होते, आणि त्या प्रवासात सर्वांत कठीण भाग होता तो पहिल्या दहा खेळींचा.

विशीत असतानाच ते पंजाबातील अग्रगण्य खेळाडू झाले. तेथील मोठे जमीनदार नबाब सर उमर हयात खान टिवाणा बुद्धिबळाचे शौकीन होते. त्यांनी सुलतान खान यांना आश्रय व निर्वाहवेतन दिले आणि युरोपीय नियम शिकण्याची व्यवस्था केली. १९२८ मध्ये सुलतान खान यांनी अखिल भारतीय स्पर्धा नऊपैकी आठ डाव जिंकून आणि एक बरोबरीत सोडवून जिंकली. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये नबाब त्यांना घेऊन लंडनला गेले.

तिथे त्यांच्या सरावासाठी एक छोटी स्पर्धा भरवण्यात आली. तीत ते तळाशी राहिले. युरोपातील खेळाडू डावाच्या प्रारंभीच्या खेळी ग्रंथांतून अभ्यासून येत. सुलतान खान यांच्यापाशी तो अभ्यास नव्हता. विल्यम विंटर आणि फ्रेडरिक येट्स या दोन इंग्रज खेळाडूंनी त्यांच्याबरोबर सराव करून ही उणीव काही प्रमाणात भरून काढली. काही आठवड्यांतच, १९२९ च्या उन्हाळ्यात, रॅम्सगेट येथे झालेली ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धा त्यांनी जिंकली. ज्या सत्तेचे ते प्रजाजन होते, तिच्याच अजिंक्यपदावर त्यांचे नाव कोरले गेले. पुढे १९३२ आणि १९३३ मध्येही त्यांनी तेच पद पटकावले. १९३० मध्ये हॅम्बुर्ग, १९३१ मध्ये प्राग आणि १९३३ मध्ये फोकस्टन येथील ऑलिंपियाडमध्ये ते इंग्लंडच्या संघाच्या पहिल्या पटावर बसले. १९३१ मध्ये त्यांनी टार्टाकोव्हर यांच्यासारख्या नामांकित खेळाडूला बारा डावांच्या सामन्यात एका गुणाने हरवले.

त्यांचा सर्वांत गाजलेला डाव हेस्टिंग्ज येथील १९३०-३१ च्या स्पर्धेतला आहे. प्रतिस्पर्धी होते क्यूबाचे होसे राउल कापाब्लांका, १९२१ ते १९२७ या काळातील जगज्जेते. क्वचितच हरणारा खेळाडू अशी त्यांची ख्याती होती. त्याच हिवाळ्यात लंडनमध्ये पहिली गोलमेज परिषद भरली होती आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे अस्पृश्यांचे प्रतिनिधी म्हणून उपस्थित होते, हे लक्षात घेतले की तो काळ आपल्या वाचकांच्या डोळ्यांसमोर उभा राहील.

या डावात सुलतान खान पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळत होते. पहिल्या चार खेळींत त्यांनी दोन्ही घोडे बाहेर काढले आणि मध्यभागी दोन प्यादी उभी केली. कापाब्लांका यांनी एक घोडा काढला, एक उंट लांबवरून मध्यावर नजर ठेवेल असा कोपऱ्याजवळ बसवला आणि चौथ्या खेळीत राजापुढचे प्यादे एक घर सरकवून दुसऱ्या उंटाची वाट मोकळी केली. पाचवी खेळी पांढऱ्याची होती. पाठ्यपुस्तकातला विद्यार्थी येथे उंट बाहेर काढील, आणि त्यात चूक काहीच नाही. सुलतान खान यांनी वजिराच्या बाजूच्या हत्तीपुढचे प्यादे फक्त एक घर पुढे सरकवले.

वरवर पाहता ही खेळी भित्री वाटते. तिने एकही मोहरा बाहेर येत नाही, मध्य बळकट होत नाही, राजा सुरक्षित होत नाही. तिचा अर्थ कळण्यासाठी काळ्याच्या बाजूने पाहावे लागते. काळ्याचा मोकळा झालेला उंट पुढच्याच खेळीत पांढऱ्याच्या वजिराकडील घोड्यासमोर येऊन बसू शकला असता. त्या घोड्यामागे त्याच तिरप्या रेषेत पांढरा राजा होता, म्हणून घोडा जखडला गेला असता. हा घोडा साधा नव्हता. मध्यावरची दोन महत्त्वाची घरे त्याच्या पहाऱ्यात होती आणि काळ्याची सारी योजना त्याच घरांसाठी होती. घोडा जखडला की पहारा उठला. हत्तीपुढच्या प्याद्याने पुढे येऊन उंटाचे ते घर बंद केले. पटाच्या कडेला झालेली ही खेळी खरे तर मध्यासाठीच होती.

यानंतर जे घडले ते अधिक शिकण्यासारखे आहे. सुलतान खान यांनी कुंपणावर कुंपण घातले नाही. मध्यावर प्याद्यांची अदलाबदल होताच सातव्या, आठव्या आणि नवव्या खेळीत त्यांनी दोन्ही उंट कामाला लावले. बाराव्या खेळीत तोच घोडा पुढे झेपावला आणि तेराव्या खेळीत त्याने काळ्याचा एक उंट टिपला. जो उंट त्याला जखडण्यासाठी येणार होता, तोच हा उंट! त्या मारामारीत काळ्याची दोन प्यादी एकाच उभ्या पट्टीत एकामागे एक अडकली आणि ती उणीव अखेरपर्यंत राहिली.

पुढे कापाब्लांका यांचे दोन्ही हत्ती पांढऱ्याच्या गोटात घुसले. सुलतान खान यांनी आपला वजीर देऊन ते दोन्ही हत्ती मिळवले. त्यानंतर काळ्याचा वजीर पटभर हिंडत राहिला, पण मारण्याजोगे त्याला काही सापडेना. पांढऱ्याने प्रत्येक वाट आधीच बंद केली होती. संपूर्ण डावात सुलतान खान यांनी किल्लेकोट केला नाही. त्यांचा राजा पायी चालत वजिराच्या बाजूला गेला आणि सावकाश सुरक्षित घर शोधत राहिला. देशी खेळात वाढलेल्या माणसाला राजाच्या पायी चालण्याचे भय वाटत नसावे. तिसाव्या खेळीत शेजारचे प्यादे दोन घरे पुढे आले, त्याला आधार होता पाचव्या खेळीतल्या त्याच छोट्या प्याद्याचा. चाळिसाव्या खेळीत ते छोटे प्यादेही एक घर सरकले आणि त्याच्या पाठबळावर शेजारच्या प्याद्याने पुन्हा आगेकूच केली. अखेर याच शेजारच्या प्याद्याची वाट मोकळी झाली आणि पासष्टाव्या खेळीला कापाब्लांका यांनी हार मानली. स्पर्धेत मॅक्स युवे पहिले, कापाब्लांका दुसरे आणि सुलतान खान तिसरे आले.

या डावातून निवडीची एक कसोटी हाती लागते. प्रतिबंधक खेळी करण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, प्रतिस्पर्ध्याचा धोका खरा आहे काय? येथे तो पुढच्याच खेळीत येणार होता. दुसरी, तो धोका आल्यावर त्याला सहज उत्तर देता येईल काय? देता येत असेल तर आज खेळी खर्चण्याचे कारण नाही. आपले मोहरे काढत राहावे. तिसरी, आपली प्रतिबंधक खेळी आपल्याही काही कामाची आहे काय? येथे ती घोड्याला मोकळे ठेवत होती आणि पुढे प्याद्यांना आधारही देणार होती. या तिन्ही कसोट्यांना उतरणारी खेळी भित्री ठरत नाही. न उतरणारी खेळी मात्र निव्वळ वेळ दवडते. नवशिके खेळाडू भीतीपोटी दोन्ही कडांची प्यादी एकेक घर सरकवून ठेवतात, तोवर समोरच्याचे चार मोहरे मैदानात उतरतात आणि डाव पंधरा खेळींत आटोपतो. तिथे कुंपण उत्तम असते, शेत मात्र पडीक.

त्याच दशकात रीगा येथे जन्मलेले आणि डेन्मार्कमध्ये स्थायिक झालेले आरोन निम्झोविच यांनी आपल्या ग्रंथांतून प्रतिबंधाचे तत्त्व शास्त्रशुद्ध मांडले. पुढे सोव्हिएत संघाचे तिग्रान पेट्रोस्यान हे या तत्त्वाचे सर्वांत मोठे उपासक ठरले आणि १९६३ ते १९६९ या काळात जगज्जेते राहिले. सुलतान खान यांनी हेस्टिंग्जला केलेली ती छोटी प्याद्याची खेळी अशा रचनेत आज पेट्रोस्यान यांच्या नावाने ओळखली जाते. गॅरी कास्पारोव्ह यांनीही ती आपल्या उमेदीच्या काळात आवडीने वापरली. पंजाबातल्या खेळाडूने तीच खेळी १९३० च्या सुमारास एका माजी जगज्जेत्याविरुद्ध केली होती, हे फार थोड्यांना ठाऊक असते. अर्थात सुलतान खान यांना डावाची सुरुवात नेहमीच साधत असे, असे कोणी म्हणू नये. समकालीनांचे मत असे की ते मध्यखेळात आणि अखेरच्या टप्प्यात जितके प्रबळ, तितकेच प्रारंभी कच्चे होते. अनेकदा ते सुरुवातीला अडचणीत सापडत आणि पुढे तासन् तास चिवट झुंज देऊन सुटत. त्यामुळेच जे थोडे शिक्षण त्यांना मिळाले त्याचे मोल अधिक वाटते.

इंग्लंडचा हिवाळा त्यांना मानवला नाही. हिवताप, सर्दी आणि घशाचे विकार वारंवार होत. गळ्याला पट्टी गुंडाळून ते खेळायला बसत. इंग्रजी जगाने त्यांना नबाबाचा निरक्षर नोकर म्हणूनच रंगवले. अमेरिकन खेळाडू रूबेन फाइन यांनी एका मेजवानीची आठवण लिहून ठेवली आहे; त्यात नबाबाच्या घरी अमेरिकन संघ जेवायला बसला असता सुलतान खान वाढण्याचे काम करत होते असे त्यांनी म्हटले आहे. सुलतान खान यांच्या कुटुंबीयांनी अलीकडे हे सारे चित्र नाकारले आहे. ते निरक्षर नव्हते, नोकरही नव्हते, असे त्यांचे म्हणणे आहे. आपल्या माणसाची कथा दुसऱ्याने सांगितली की तिचे काय होते, हे आपल्या समाजाला नव्याने सांगण्याची गरज नाही.

याच घराशी निगडित असलेल्या फातिमा नावाच्या तरुणीने १९३३ मध्ये ब्रिटिश महिला अजिंक्यपद जिंकले. त्याच वर्षी, त्याच हेस्टिंग्ज गावी, सुलतान खान यांनी आपले तिसरे ब्रिटिश अजिंक्यपद मिळवले. एका वर्षात दोन्ही मुकुट भारतीयांच्या शिरावर होते. परंतु १९३३ च्या डिसेंबरमध्ये नबाब भारतात परतले आणि त्यांच्यासोबत सुलतान खानही. युरोपातील त्यांची कारकीर्द पाच वर्षांचीही नव्हती.

भारतात परतल्यावर १९३५ मध्ये त्यांचा वि. का. खाडिलकर यांच्याशी सामना झाला. खाडिलकर हे १९२४ मध्येच ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धेत खेळून आलेले मराठी खेळाडू. दहा डावांपैकी सुलतान खान यांनी नऊ जिंकले, एक बरोबरीत सुटला. खेळाची धार जराही बोथट झालेली नव्हती, हे यावरून दिसते. तरीही त्यानंतर मोठ्या स्पर्धांतून ते दिसले नाहीत. पंजाबात शेतीवाडी सांभाळत त्यांनी उरलेले आयुष्य काढले आणि १९६६ मध्ये सरगोधा येथे त्यांचे निधन झाले. १९५० मध्ये जागतिक बुद्धिबळ महासंघाने पहिल्यांदा ग्रँडमास्टर किताब दिले, तेव्हा काही निवृत्त खेळाडूंचाही सन्मान झाला. सुलतान खान यांचे नाव त्यात नव्हते. कापाब्लांका यांच्यासारख्याने ज्याला अलौकिक प्रतिभेचा खेळाडू म्हटले, त्याला मानद ग्रँडमास्टर किताब मिळायला २०२४ साल उजाडावे लागले. तोवर त्यांच्या मृत्यूला अठ्ठावन्न वर्षे झाली होती.

पटावर सुलतान खान यांना विकास आणि प्रतिबंध यांचा मेळ साधता आला. जीवनात ती निवड त्यांच्या हाती फारशी नव्हती. त्यांच्या प्रतिभेचा विकास झाला, पण तिच्याभोवती कुंपण नव्हते. प्रवास, निवास, औषधपाणी, पुढचा सामना, सारे काही एका आश्रयदात्याच्या इच्छेवर अवलंबून होते. तो परतला, तेव्हा खेळही परतला. मागे ग्रंथालय असलेली संस्था, नियमित सरावाची जागा, नाव नोंदवून ठेवणारा संघ आणि आजारात पाठीशी उभी राहणारी व्यवस्था त्यांना लाभली असती, तर भारतीय बुद्धिबळाचा इतिहास कदाचित तीस-चाळीस वर्षे आधीच वेगळा लिहिला गेला असता.

निवासी शाळेचे काम या दृष्टीने पाहिले की त्याचे दोन भाग स्पष्ट दिसतात. वर्ग, प्रयोगशाळा, ग्रंथालय आणि क्रीडांगण हा विकास आहे. डोक्यावरचे छप्पर, दोन वेळचे जेवण, रात्रीच्या अभ्यासाचा दिवा आणि दुष्काळाच्या वर्षी मूल कामाला जुंपले जाऊ नये यासाठी केलेली तरतूद हा प्रतिबंध आहे. पालकही आपापल्या घरी हीच निवड दर वर्षी करत असतात : फी आधी भरावी की घर शाकारावे, मुलीला पुढच्या वर्गासाठी शहरात पाठवावे की जवळ ठेवून सांभाळावे. त्यांनाही त्या तीन कसोट्या उपयोगी पडतील. धोका खरा आहे काय? तो आल्यावर निभावता येईल काय? आणि त्याला रोखताना मुलाचे पाऊल पुढेच पडत आहे काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नाही असे आले, तर ते कुंपण मुलासाठी नसून आपल्या भीतीसाठी आहे असे समजावे.

सुलतान खान यांचा तो डाव आजही खेळून पाहता येतो. क्रीडाकक्षातल्या पटावर पासष्ट खेळी मांडायला एक दुपार पुरते. पाचव्या खेळीपाशी थांबून मुलांना विचारावे की येथे तुम्ही काय खेळला असता. बहुतेकजण उंट काढतील, आणि ते बरोबरच आहे. मग कडेचे ते प्यादे एक घर सरकवून तेराव्या खेळीपर्यंत डाव पुढे न्यावा आणि तोच घोडा तोच उंट टिपताना त्यांना पाहू द्यावे.